दोन प्रोसेसर आणि एक पत्र्याची खोली

प्रोसेसरची तुलना करणारे व्हिडिओ ज्या खोलीत शूट होतात, त्या खोलीत एसी असतो. हे कुणी मुद्दाम लपवत नाही. काही चॅनेलवाले तर प्रामाणिकपणे सांगतात, की खोलीचं तापमान २१ किंवा २२ अंश ठेवलंय. आपण ते वाक्य ऐकतो आणि पुढच्या आलेखाकडे जातो. मीही अनेक वर्षं तशीच पुढे जात होते, कारण माझा डेस्कटॉपही ऐरोलीत एसीखालीच बसतो.

माझ्या मामेभावाचा बसत नाही. कर्जतहून खोपोली लोकल धरली की पळसदरीनंतर केळवली येतं, म्हणजे आपण खालापूर तालुक्यात शिरलेलो असतो. तिथून दहा मिनिटांवर मामाचं घर. वरच्या मजल्यावर पत्र्याची खोली, आणि त्या खोलीत भावाचं 'ऑफिस'. तो थ्रीडी रेंडर करतो. कर्जत-खालापूर पट्ट्यात सेकंड होम आणि फार्महाऊसच्या ज्या जाहिराती दिसतात (डोंगर, धुकं, बंगला, निळाशार पूल आणि पुलाकाठी एक कधीच न भिजणारी बाई), त्यातली काही चित्रं या पत्र्याखाली तयार होतात. बंगला बांधून व्हायच्या दोन वर्षं आधी.

२०२४च्या एप्रिलमध्ये त्याला नवा कॉम्प्युटर घ्यायचा होता. जुना थकला होता आणि पनवेलचा एक बिल्डर दर आठवड्याला काम देऊ लागला होता. यादीत दोनच नावं उरली होती: एएमडीचा रायझेन ७ ७८००एक्स३डी आणि इंटेलचा कोअर आय७ १४७००के. किंमत उन्नीस-बीस, दोन्ही चाळीस हजारांच्या आसपास. पहिला 'गेमिंगचा राजा', दुसरा 'ऑलराउंडर', असं सगळीकडे लिहिलेलं. भाऊ रात्री अकरापर्यंत काम करतो आणि अकरानंतर काउंटर-स्ट्राइक खेळतो. त्याला दोन्ही हवं होतं, पैसे एकाचेच होते. 'ताई, तू सांग,' असं म्हणून त्याने जबाबदारी माझ्यावर ढकलली.

आधी हे दोघे वेगळे का आहेत ते सांगते, कारण 'गेमिंगचा' आणि 'कामाचा' ही लेबलं फसवी आहेत.

७८००एक्स३डीमध्ये आठ कोअर आहेत. त्याची करामत कोअरमध्ये नाही, कॅशमध्ये आहे. प्रोसेसरच्या चिपवर ६४ एमबीचा आणखी एक थर रचलाय, त्यामुळे एकूण एल३ कॅश ९६ एमबी होते. १४७००केकडे ३३ एमबी. कॅश म्हणजे ओट्यावरचा मिसळणाचा डबा. फोडणी देताना मोहरी हाताशी पाहिजे. ती माळ्यावरच्या डब्यात असेल तर तेल जळेपर्यंत आपण शिडीवरच. इथे माळा म्हणजे रॅम. गेममध्ये दर फ्रेमला प्रोसेसरला हजार बारीकसारीक गोष्टी विचाराव्या लागतात: कोण कुठे आहे, गोळी कुठे लागली, भिंतीमागे काय आहे. पुढची कुठली गोष्ट लागेल याचा आधी अंदाज येत नाही. ज्याचा डबा मोठा, तो कमी वेळा शिडी चढतो.

१४७००केमध्ये वीस कोअर आहेत, आठ मोठे आणि बारा छोटे, मिळून २८ थ्रेड. रेंडरिंगला हेच लागतं. चित्राचे बारीक चौकोन पाडायचे आणि प्रत्येक कोअरला एकेक वाटून द्यायचा. लावणीसारखंच आहे: दहा माणसं वाकली तर शेत दुपारी उरकतं, पाच असली तर संध्याकाळ होते. आजकाल बरीच रेंडर सॉफ्टवेअरं हे काम ग्राफिक्स कार्डावर करतात, आणि तसं असेल तर ही सगळी चर्चाच बाद. पण भाऊ कोरोना वापरतो (साथीच्या आधीपासून त्या सॉफ्टवेअरचं हेच नाव आहे) आणि कोरोना प्रोसेसरवरच चालतं. अशा कामात १४७००के जवळपास दुप्पट वेगवान.

म्हणजे निकाल लागला? मलाही आधी तसंच वाटत होतं. मग मी मे महिन्यात दोन दिवस मामाकडे राहिले.

दुपारी त्या खोलीत ३९ अंश होते. मी स्वयंपाकघरातला भिंतीवरचा थर्मामीटर वर नेऊन बघितला. कूलर, मग तो हवेचा असो की पाण्याचा, प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त खोलीच्या तापमानावर किती अंश चढू द्यायचे ते ठरवतो. २२ अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर ८५वर थांबतो, तो इथे शंभरीला टेकणार. १४७००केची मर्यादाच शंभर अंश आहे. तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो. व्हिडिओतला दुप्पट वेग इथे तेवढा राहणार नव्हता.

दुसरी गोष्ट लाईट. या भागाला विजेचा इतिहास आहे. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५चं, कर्जत तालुक्यातलं भिवपुरीचं १९२२चं. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचं पाणी पाइपांतून घाट उतरून इथे यायचं आणि वीज मुंबईच्या गिरण्यांना जायची. शंभर वर्षांनंतरही मामाच्या गावात जोराचा वारा सुटला की डीपी उडते. संध्याकाळी सातला सगळ्यांच्या मोटारी आणि मिक्सर एकदम सुरू झाले की पंखा हळू फिरताना डोळ्यांनी दिसतो. भावाकडे ६०० व्हीएचा यूपीएस होता. त्याच्या पाठीवर बारीक अक्षरात ३६० वॉट लिहिलेलं.

आता वॉटचा हिशोब. १४७००के पूर्ण जोरात २५३ वॉट घेतो. हा इंटेलनेच छापलेला आकडा. पण मदरबोर्ड बनवणारे बरेचदा ही मर्यादा काढून टाकतात आणि सेटिंगमध्ये ४०९६ वॉट असा आकडा भरून ठेवतात, म्हणजे 'घे बाबा तुला हवं तेवढं'. ७८००एक्स३डी रेंडर करताना ८५च्या आसपास राहतो. उरलेल्या मशीनचे शंभर वॉट धरू.

समजा एका बंगल्याचे सगळे व्ह्यू १४७००केवर चार तासांत होतात आणि ७८००एक्स३डीवर आठ तासांत. पहिल्याचे ३५३ वॉट गुणिले चार, १.४१ युनिट. दुसऱ्याचे १८५ गुणिले आठ, १.४८ युनिट. नुसता प्रोसेसर बघितला तर एएमडी किती काटकसरी वाटतो; अख्खं मशीन धरलं तर फरकच मिटला, कारण उरलेले शंभर वॉट आठ तास जळत राहतात. मला हे गणित फार आवडलं. पण मॉनिटर धरला तर इंटेलचा आकडा यूपीएसच्या ३६०च्या वर जात होता. लाईट गेल्यावर यूपीएसनेही मान टाकली तर तो असून उपयोग काय? ऑटोसेव्ह असतं, फाइल वाचते, पण बिल्डरला दिलेली सकाळची वेळ वाचत नाही.

रात्री जेवताना आमचं हेच चाललं होतं. मामा भात लावतो. त्याने थोडा वेळ ऐकून घेतलं आणि विचारलं, "यातलं हळवं कुठलं नि गरवं कुठलं?" कर्जतच्या भात संशोधन केंद्राने काढलेलं कर्जत-३ हे हळवं बियाणं, लवकर तयार होतं. ते वरच्या, पाणी न थांबणाऱ्या शेतात लावतात. खोलगट शेतात पाणी टिकतं, तिथे गरवं. उतारा गरव्याचा जास्त, पण वरच्या शेतात ते लावलं तर ऑक्टोबरात दाणा भरायच्या आधी जमीन सुकते. "शेत कुठलं ते बघितल्याशिवाय बियाणं कोण घेतं?" मामाने असं म्हणून ताक मागितलं.

शेत वरचंच होतं. पण प्रोसेसरच्या बाबतीत एक सोय आहे जी भाताच्या बाबतीत नाही: गरव्याला हळवं करता येतं. बायोसमध्ये जाऊन १४७००केला १२५ वॉटची मर्यादा घातली, तर वीज निम्मी होते, वेग मात्र साधारण पावपट जातो. शेवटच्या थोड्या मेगाहर्ट्‌झसाठीच हे प्रोसेसर सगळ्यात जास्त वीज खातात. हिशोब पुन्हा केला: २२५ वॉट गुणिले सव्वापाच तास, १.१८ युनिट. तिन्हींत कमी. यूपीएसच्या आत, वेळही आठ तासांहून पुष्कळ कमी, आणि साधा हवेचा कूलर पुरेल. त्यात १४७००के जुन्या डीडीआर४ बोर्डवरही बसतो आणि भावाकडे डीडीआर४ची ३२ जीबी पडून होती. ७८००एक्स३डीला डीडीआर५च लागते. पुढे दोन-तीन पिढ्या तोच बोर्ड चालावा असं ज्याला वाटतं त्याने एएमडी घ्यावा, तिथे इंटेलचा सॉकेट संपत आला होता. भावाला पुढच्या पिढीपेक्षा पुढच्या शुक्रवारची काळजी जास्त होती.

आणि गेम? त्याचा मॉनिटर ७५ हर्ट्‌झचा. सेकंदाला ७५ चित्रं दाखवणाऱ्या पडद्यापुढे एक प्रोसेसर दोनशे देतो की तीनशे, हा वाद बराचसा मनाच्या समाधानाचा. तो हरतो त्याचं कारण कॅश नाही, हे मी त्याला सांगितलं. त्याला पटलं नाही.

जूनमध्ये १४७००के आला. जुलैत इंटेलने जाहीर केलं, की तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर चुकीच्या मायक्रोकोडमुळे गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागतात आणि त्याने ते कायमचे खराब होऊ शकतात. ऑगस्टमध्ये दुरुस्त मायक्रोकोड आला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. २०२३मध्ये एएमडीच्या एक्स३डी चिपाही काही बोर्डांवर जास्त व्होल्टेजने जळाल्या होत्या, तेव्हा तिथेही बायोस बदलून मर्यादा घालावी लागली होती. आलेखात पहिलं यायच्या शर्यतीत दोघांनीही व्होल्टेज ताणलं, असं माझं मत आहे. आमच्या १२५ वॉटच्या मर्यादेने या दोषापासून संरक्षण मिळालं असेल असं मात्र नाही, कारण हलक्या कामातही व्होल्टेज उसळू शकतं. बायोस बदलणं भागच होतं.

बायोस लिहिला जात असताना लाईट गेली तर बोर्ड कामातून जाऊ शकतो. ऑगस्टचा पाऊस, वरून खालापूरची वीज. भावाने यूपीएस पूर्ण चार्ज केला, मॉनिटर सोडून बाकी सगळं त्यावरून काढलं, आणि पहाटे साडेचारला, गावात एकही मोटार चालू नसताना, ते काम उरकलं. चार मिनिटं लागली. मला फोटो पाठवला तेव्हा मी झोपेत होते.

डिसेंबरात थंडी पडल्यावर त्याने मर्यादा १६० वॉटवर नेली आणि यूपीएसही बदलला. मार्चमध्ये पुन्हा १२५वर आणली.