पोवळ्याचा खांदा

आमच्या गोठ्यातील तांबूस वर्णाचा, आखूड शिंगांचा आणि स्वभावाने काहीसा मानी असा जो पोवळ्या नावाचा बैल होता, त्याचे स्मरण मला त्याच्या रूपापेक्षा एका तेलाच्या कडवट, उग्र वासानेच अधिक होते. एका वर्षी ऐन पेरणीत, जोडीदार त्याच्याहून उंच असल्यामुळे जू तिरपे बसून, त्याचा खांदा सुजला आणि कातडे सोलवटले.

आमचे आबा मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथातील स्नेहपाकाचे, म्हणजे औषधी तेल-तूप सिद्ध करण्याचे, प्रमाण त्यांना सरकारी ठरावाइतकेच अनुल्लंघनीय वाटे. कल्काच्या, म्हणजे वाटलेल्या औषधाच्या लगद्याच्या, चौपट तेल आणि तेलाच्या चौपट द्रव, या हिशेबाने कडुनिंबाचा पाला व हळद यांचा पाव शेर कल्क, शेरभर तिळाचे तेल आणि निंबसालीचा चार शेर काढा कल्हईच्या पातेल्यात घालून ते गोवऱ्यांच्या मंद आचेवर तासन्‌तास ढवळीत बसत. कल्काची बोटांवर वात वळली, ती निखाऱ्यावर टाकताच तडतडली नाही आणि तेलावर फेस आला, म्हणजे पाक सिद्ध. तुपाचा मात्र फेस मावळावा लागतो, हेही ते बजावीत.

पहिले दोन दिवस पोवळ्याने हात लावू दिला नाही. चौथ्या दिवशी मात्र वाटीचा वास येताच त्याने आपण होऊन मान खाली केली. “आबा, आता जुंपायचा ना?” असे मी विचारताच ते म्हणाले, “अरे, तेल हा नुसता अर्ज. हुकूम व्हायचा तो जुवावर.” सुताराला बोलावून त्यांनी जुवाची कड तासून घेतली, बरोबरीच्या उंचीचा जोडीदार मिळविला आणि खांद्यावर नवे केस येईपर्यंत पोवळ्याला दावणीलाच ठेवले.

पुढे आबा गेले. पोवळ्याही थकून कामातून मोकळा झाला. त्या श्रावणात पोळ्याच्या आदल्या सायंकाळी, खांदेमळणीसाठी, ते तेल मी प्रथमच स्वतः कढविले. पण घाईमुळे पाक कच्चा राहिला आणि वात निखाऱ्यावर चांगलीच तडतडली. ओशाळल्या मनाने वाटी घेऊन मी गोठ्यात गेलो. अंधारात पोवळ्याने एकदा हुंगले आणि ज्या खांद्यावर आता कोणतेच जू यावयाचे नव्हते, तो खांदा माझ्या हाताला पुरावा म्हणून मान हळूच खाली केली.