वरणातली डाळ गेली कुठे?



मागच्या पावसाळ्यात सासूबाई अंगणात घसरल्या आणि मनगटाचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, "अंगात प्रोटीन कमी आहे. औषध समजून रोज दोन अंडी द्या." आई तिथे गप्प राहिल्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "हात वाकडा राहिला तरी चालेल गं, पण ते नको." मला रात्रभर झोप नाही. आपल्या नेमापायी यांच्या तब्येतीचं नुकसान तर होत नाही ना?

सकाळी त्यांचं दिवसभराचं खाणं वहीत मांडलं. आपली चामोर्शी धानाच्या पट्ट्यातली. ताटात भाताचा ढीग, वर पातळ वरण. त्यात आई शेवटी जेवणार, म्हणजे खालची घट्ट डाळ आधीच संपलेली. चौविहार असल्याने सूर्यास्तानंतर काही नाही. 150 ग्रॅम तांदळातून 10-11 ग्रॅम प्रोटीन, वरणातून 4, चहातल्या दुधातून एक-दोन. बेरीज 17 च्या पुढे जाईना. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हिशेबाने वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण 0.83 ग्रॅम हवं. 50 किलोच्या आईंना झाले 41-42.

दोन अंड्यांत 12-13 ग्रॅम. तेवढं तर 55-60 ग्रॅम तूरडाळीतही असतं. अंड्याचं प्रोटीन अंगी जास्त लागतं हे खरं, पण डाळीत जे कमी ते भात-पोळीत असतं आणि भातात जे कमी ते डाळीत. म्हणून दोन्ही हवं, फक्त डाळ खरोखर ताटात हवी.

मग बदललं ते एवढंच. सकाळी मूगडाळीचं धिरडं, दुपारी घट्ट वरण आणि निम्मा भात, सूर्यास्ताआधी पोळी आणि बरबटीची उसळ. दिवसभरात 75 ग्रॅम डाळ-कडधान्य, मूठभर भाजलेले शेंगदाणे, दीड पेला दूध. बेरीज 45 च्या वर गेली. द्विदलाचा दोष नको म्हणून दूध वेगळ्या वेळी, आणि कढीचं ताक आधी तापवून मगच त्यात बेसन. आयंबिलात दूध-तूप बंद असलं तरी डाळी चालतातच.

दोन गोष्टी सांभाळा. आपल्याकडे लाखोळी स्वस्त मिळते, पण तीच रोजची मुख्य डाळ करू नका, त्याने पाय लुळे पडण्याचा आजार होतो. आणि किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच डाळ वाढवा.

आईंचा हात जुळला. तो डाळीमुळेच, असं मी म्हणणार नाही. पण आता आमच्या घरी आई पहिल्या पंगतीत बसतात, आणि वरण तळापासून ढवळून वाढलं जातं. तुमच्या घरी शेवटी कोण जेवतं, आणि तिच्या वाटीत काय उरतं, एकदा बघा.

जिनआज्ञेविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.