पाव इंच

फ्रेमच्या पट्टीला आतून एक खाच असते. काच, चित्र आणि मागचा हार्डबोर्ड त्या खाचेत बसतात, आणि बसताना चित्राची कड चारी बाजूंनी थोडी झाकली जाते. पट्टी पाव इंच खाते, असे आम्ही म्हणतो. लोणावळ्यात वडिलांनी फ्रेमचे दुकान थाटले, त्यांच्यामागे मी बसतो. आणि इथे बसून जेवढी भांडणे ऐकली, त्यातली निम्मी तरी या पाव इंचावरची.

चैत्रात एकवीरेची यात्रा भरते. मुंबई, ठाणे, रायगडकडचे आगरी-कोळी कार्ल्याच्या डोंगरावर लोटतात आणि परतीच्या वाटेवर एखादा जथा आमच्याकडे वळतो. आईचा मोठा फोटो घेतलेला असतो, गाडी बाहेर उभी असते, ड्रायव्हर हॉर्न देत असतो. घाईघाईने फ्रेम करून हातात द्यावी, तर मागून एखादी म्हातारी पुढे येते आणि काचेवर बोट ठेवते. ‘आईच्या मुकुटाचं टोक कुठं गेलं?’ टोक पट्टीखाली गेलेले असते. मग चुका उपसायच्या, चित्र बाहेर काढायचे, भोवती पुठ्ठ्याचा माऊंट घालून मोठी फ्रेम करायची. मुकुट पुरा दिसतो. पण आता चारी बाजूंना दोन-दोन बोटे कोरी जागा आलेली असते. ‘आई लांब गेली,’ म्हातारी म्हणते. यावर माझ्यापाशी आजवर उत्तर नाही, कारण तिचे खरे आहे. माऊंट चित्राला लांब नेतोच. प्रदर्शनात तो त्यासाठीच घालतात. घरात देव लांब असून कसे चालेल?

दुसऱ्या टोकाचे गिऱ्हाईक आयएनएस शिवाजीतून येते. नौदलाला इंजिने सांभाळायला शिकवणारे हे ठाणे १९४५ पासून लोणावळ्यात आहे. बदली झालेला एखादा अधिकारी जहाजाचे चित्र घेऊन येतो. तो मिलिमीटरमध्ये बोलतो, मी सुतात. फ्रेम तयार झाली की खिशातून स्टीलची पट्टी काढतो, कोपरा गुण्यात आहे का पाहतो, पंचेचाळीस अंशांत कापलेल्या जोडात कागदाची कड शिरते का तेही पाहतो. शिरली तर फ्रेम परत. अशा माणसाचा मला राग येत नाही. त्याची तक्रार निदान मोजता येते. तुंगार्ली-खंडाळ्याच्या बंगल्यांतून येणाऱ्यांची येत नाही. ते सोफ्याच्या कापडाचा तुकडा आणतात, भिंतीवरच्या सगळ्या पट्ट्या खाली काढायला लावतात, मुंबईच्या डेकोरेटरला फोटो पाठवतात आणि रविवारी संध्याकाळी, एक्स्प्रेस वेवर गर्दी व्हायच्या आत, सगळ्यात आधी दाखवलेली पट्टी सांगून निघून जातात.

दहाव्यासाठी फोटो करून घ्यायला येणारे मात्र वेगळे.

मावळातल्या एखाद्या गावातून दोन भाऊ येतात. म्हाताऱ्याचा धड एक फोटो घरात नसतो. कुणाच्या तरी लग्नाच्या घोळक्यातून चेहरा उचललेला असतो, स्टुडिओतल्या पोराने मागे निळे आभाळ आणि अंगात कोट घातलेला असतो. ‘दादांनी जन्मात कोट घातला न्हाय,’ थोरला म्हणतो. ‘मग आता तरी घालू दे की,’ धाकटा म्हणतो. इथपर्यंतचे स्टुडिओवाल्याचे नशीब, पुढे माझे. एकाला काळी पट्टी हवी, दुसऱ्याला सोनेरी. काळी म्हणजे कचेरीतल्या साहेबासारखी दिसेल; सोनेरी म्हणजे लग्नातल्यासारखी. तास जातो. मध्येच जमिनीचा विषय निघतो, हायवेला गेलेल्या तुकड्याचा पैसा निघतो, आजारपणात कोण किती फेऱ्या घालत होता ते निघते, आणि पुन्हा सगळे पट्टीवर येऊन थांबते. वडील अशा वेळी काही बोलत नसत. मागे जाऊन हिऱ्याने काच कापत बसत, नको असलेली काचसुद्धा. कर्र असा आवाज येत राही.

तेव्हा मला ते पळपुटे वाटत. दुकानात दोन माणसे हातघाईवर आलेली आणि मालक मागे काच कापतोय! पुढे मीही तेच करू लागलो. फोटोतला माणूस आता कूस बदलणार नाही, कुणाची बाजू घेणार नाही. कोट चुकीचा असला तरी तो काढून ठेवणार नाही. त्याच्याबाबत ठरवायचे म्हणून जे काही शिल्लक आहे, ते या चार कडांपुरतेच. तिथे दोन भावांना तासभर लागला तर मी घड्याळ कशाला बघू? अर्थात सगळ्याच भांडणांत एवढा ऐवज नसतो. काही लोक निव्वळ चेंगट असतात. भाव पाडून घेतात, आणि वर मागची कडी फुकट मागतात.

पावसाळ्यानंतरची गिऱ्हाइके आणखी निराळी. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. पावसाकडच्या भिंती पाझरतात. लाकूड फुगते, हार्डबोर्डला पोट येते, आणि माऊंटशिवाय थेट काचेला टेकवलेल्या जुन्या फोटोचा वरचा थर ओलीने मऊ होऊन काचेला धरतो. असा फोटो कधी ओढू नये. काचेसकट तसाच ठेवावा आणि वरूनच त्याचा दुसरा फोटो काढून घ्यावा. पण माणसे ओढतात. एका दसऱ्याच्या सुमारास एक बाई आल्या, त्यांच्या सासऱ्यांचा चेहरा काचेवर होता आणि खांदे कागदावर. दोन्ही तुकडे टेबलावर ठेवून त्या मलाच बोलत होत्या. मी बोलू दिले. फ्रेम माझी नव्हती, पण तसे सांगून काय होणार होते?

पुण्याकडे जाणाऱ्या लोकलचे पहिलेच स्टेशन मळवली. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेला शिळाछाप कारखाना प्लेगच्या वर्षांत तिथे आला. पुढे तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला आणि १९७२ च्या आगीत संपला. रंगागणिक वेगळा दगड घेऊन तिथे लक्ष्मी-सरस्वती छापल्या जात आणि देशभर जात. ज्या घरात तैलचित्र येणे शक्य नव्हते तिथे ही चित्रे गेली, आणि भिंतीवर आलेल्या देवाला काच लागली, चौकट लागली. आमचा धंदा गावोगाव पोचवला तो याच कागदाने, असे मी मानतो. पण त्या चित्रांचे मला सर्वांत आवडते ते पुढचे. कितीतरी घरांतल्या बायकांना ती पुरी वाटली नाहीत. त्यांनी लक्ष्मीच्या साडीला खरी जर लावली, टिकल्या चिकटवल्या, गळ्यात मणी शिवले. एवढा नावाजलेला चितारी, पण त्याच्याही चित्रात यांनी दुरुस्ती केली.

भाज्याकडच्या एक आजी अशीच लक्ष्मी घेऊन आल्या. चौकट वाळवीने पोखरलेली, कागद तपकिरी, जर काळी पडलेली. पण तळाच्या पांढऱ्या पट्ट्यात छापखान्याचे इंग्रजी नाव शाबूत. मी हरखलो. आजींना सांगितले, हे नाव दिसले पाहिजे, जाणकार आधी तेच बघतात. जर दबू नये म्हणून काच वर उचलू, भोवती चांगला माऊंट घालू, नवी मोठी काच बसवू.

‘काच हीच बसव,’ आजी म्हणाल्या. ‘सासूबाई पुसायच्या ती.’

मी हिशोब समजावला. जुनी काच म्हणजे जुने माप. जर दबणार नाही, ते मी आत बारीक पट्टी देऊन सांभाळीन. पण माऊंटला जागा उरणार नाही आणि नाव पट्टीखाली जाईल.

‘जाऊ दे. लक्ष्मीच्या पायाशी इंग्रजी कशाला?’

‘आजी, या नावालाच किंमत आहे.’

‘मला इकायची हाय का?’ त्यांनी कमरेची पिशवी सोडली, सांगितलेल्या पैशांतले पन्नास कमी मोजले आणि पुढे सरकवले. ‘एवढ्या बारक्या कामाला एवढं कोण घेतं? आणि कडी नवी लाव. पितळंची.’