समोर नसलेल्या माणसांचा हिशेब

कॉमर्सच्या पहिल्या वर्षाच्या हिशेबात एक दुकान असतं. त्या दुकानाला मालक असतो, तो रोज गल्ल्यावर बसतो, आणि मुलीच्या फीसाठी त्याने गल्ल्यातून पैसे काढले तर आपण ते उचल खात्याला नावे टाकतो. भागीदारीची गणितं आली तरी माणसं दोन-तीनच. कुणाचं भांडवल किती, कुणाचा वाटा किती, हे ती एकमेकांना तोंडावर विचारू शकतात. दुसऱ्या वर्षी कॉर्पोरेट अकाउंटिंगचं जाड पुस्तक हाती येतं आणि पहिल्या काही पानांतच हा मालक दिसेनासा होतो. माल राहतो, यंत्रं राहतात, बँकेतली शिल्लक राहते. पण हे सगळं ज्यांचं आहे त्यांना गोळा करायचं म्हटलं तर हजारो दारं ठोठावावी लागतील. एक भागधारक साताऱ्यात, एक नागपुरात, एक समुद्रापार. त्यांनी कारखाना पाहिलेला नाही, एकमेकांची तोंडं पाहिलेली नाहीत. तरी त्यांचे पैसे एकाच भट्टीत पडलेले आहेत.

माझा या विषयावर जीव जडला तो इथे. समोर नसलेल्या माणसाचा हक्क कसा सांभाळायचा, या एकाच प्रश्नाचं उत्तर ते पुस्तक पानोपानी देत होतं.

मी हा पेपर पुण्यात शिकलो. पेठेतल्या अभ्यासिकेत एस.वाय.ची मुलं ओळखू यायची ती त्यांच्या कागदांवरून. फूटपट्टीने आखलेले रकाने, डावीकडे नावे, उजवीकडे जमा, आणि पानाच्या तळाशी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेल्या वर्किंग नोट्स. मध्येच शेजारचा मित्र हळूच विचारायचा, “तुझं टॅली झालं का रे?” ताळेबंदाच्या दोन्ही बाजूंची बेरीज रुपयाला रुपया जुळली की छातीतून एक लांब श्वास बाहेर पडायचा. आमचे सर मात्र तेवढ्यावर सोडायचे नाहीत. आकड्यावर बोट ठेवून ते विचारायचे, “हे पैसे कुणाचे?” त्या प्रश्नाने बेरजेच्या आत शिरायला शिकवलं.

भागजप्तीचं गणित घ्या. भाग दहा रुपयांचा. अर्जासोबत तीन रुपये, वाटपावर चार, शेवटच्या हप्त्याला तीन. हजारो भागधारकांच्या त्या उदाहरणात नाव मात्र एकाचंच दिलेलं असतं. शंभर भाग घेतलेला रमेश, ज्याला शेवटचा हप्ता भरता आला नाही. बाकी सगळे आकड्यांत विरघळून जातात. रमेश तेवढा उरतो. त्याने सातशे रुपये भरलेले आहेत, तीनशे राहिले आहेत. कंपनी त्याचे भाग जप्त करते आणि पुढे ते आठ रुपये दराने दुसऱ्या कुणाला देते. नव्या माणसाला मिळालेली दोनशे रुपयांची सूट रमेशच्या सातशेतून भरून निघते, आणि उरतात पाचशे. हे पाचशे कंपनीकडेच राहतात, पण त्या वर्षाच्या नफ्यात मिसळत नाहीत. ते जातात भांडवली राखीव निधीत. धंद्यात कष्ट करून मिळवलेला पैसा वेगळा आणि कुणाची ऐपत संपल्यामुळे हाती राहिलेला पैसा वेगळा, हा फरक एका जर्नल एन्ट्रीत असा जपलेला पाहिला, तेव्हा मी वहीवरून मान वर करून बराच वेळ तसाच बसून राहिलो होतो.

अग्रहक्क भागांची परतफेड हे तसंच दुसरं प्रकरण. कंपनीला पाच लाखांचे अग्रहक्क भाग परत करायचे आहेत आणि त्यासाठी तिने तीन लाखांचे नवे भाग काढले. उरलेले दोन लाख नफ्यातून द्यायचे, तर तेवढीच रक्कम वाटण्याजोग्या नफ्यातून उचलून भांडवल विमोचन राखीव निधीत ठेवावी लागते. २०१३च्या कंपनी कायद्यातलं ५५वं कलम हे सांगतं. या निधीतून लाभांश देता येत नाही. फार तर त्यातून पूर्ण भरणा झालेले बोनस भाग देता येतात. मुलं हा नियम पाठ करतात. पण ज्या पुरवठादाराने उधारीवर लोखंड दिलं, ज्या बँकेने कर्ज दिलं, त्यांनी कंपनीचं भांडवल पाहून विश्वास टाकलेला असतो. भागधारक आपले पैसे घेऊन निघून गेले तर तो आधार गुपचूप कमी व्हायला नको. शेताच्या बांधातले दगड कामाला काढले, तर तेवढेच दगड परत लावूनच पावसाळ्याला सामोरं जायचं. तशी ही एन्ट्री आहे. पुरवठादाराला तिची कल्पनाही नसते. ती त्याच्यासाठीच केलेली असते.

मग लक्षात येतं की सगळं पुस्तकच अशा जपणुकीने भरलेलं आहे. कंपनीची नोंदणी व्हायच्या आधी धंद्यात झालेला नफा कंपनीचा मानत नाहीत. वेळेच्या आणि विक्रीच्या प्रमाणात तो वेगळा काढून भांडवली राखीव निधीत टाकतात, कारण जन्माआधीची कमाई कुणी आपली म्हणून वाटू नये. उपकंपनीने नियंत्रक कंपनीला नफा लावून माल विकला आणि तो गोदामात तसाच पडून राहिला, तर एकत्रित ताळेबंदात तो नफा पुसून टाकतात. घरातल्या घरात फिरलेल्या मालावर कुणी श्रीमंत होत नाही. बाहेरच्या गिऱ्हाइकाने तो घेतल्यावरच नफा खरा. आणि त्याच ताळेबंदात नियंत्रक कंपनीबाहेरच्या लहान भागधारकांचा वाटा स्वतंत्र ओळीत दाखवावा लागतो. वीस टक्केवाल्यांचे वीस टक्के ऐंशी टक्केवाल्यांच्या गर्दीत हरवू द्यायचे नाहीत, म्हणून ती ओळ.

असे न दिसणारे भागधारक पुस्तकाबाहेरही असतात. १९०७ साली टाटांच्या पोलाद कंपनीचे भाग मुंबईत विक्रीला आले. स्वदेशीचे दिवस होते. सुमारे आठ हजार लोकांनी तीन आठवड्यांत भांडवल उभं करून दिलं. त्यांच्या पैशातून पोलाद बाहेर पडायला १९१२ साल उजाडायचं होतं, आणि ती भट्टी पेटणार होती मुंबईपासून शेकडो कोस दूर, साकचीच्या रानात. त्या आठ हजारांतले कितीजण तिकडे जाऊन भट्टीची धग घेऊ शकले असतील? बाकीच्यांसाठी कंपनीचा अहवाल हीच खिडकी. पुढे १९२४च्या सुमारास कंपनी अडचणीत आली, तेव्हा दोराबजी टाटांनी स्वतःची संपत्ती आणि पत्नी मेहेरबाईंचा ज्युबिली हिरा तारण ठेवून इंपीरियल बँकेकडून कर्ज उभं केलं. भांडवलापलीकडे भागधारकावर जबाबदारी नसते, हे कंपनीचं पहिलं तत्त्व. दोराबजींनी ती आपणहून उचलली. आणि हिशेबाच्या शिस्तीत कंपनीच्या ताळेबंदात त्या हिऱ्याला मालमत्तेच्या बाजूला जागा नव्हती, कारण तो कंपनीचा नव्हताच. कंपनीचं आणि माणसाचं यांच्यातली रेघ हिशेबनीस पुसत नाही. ती रेघ इतकी स्पष्ट असते म्हणूनच ती ओलांडून कुणी काही दिलं, तर त्याची थोरवी दिसते.

माझ्या मनात सर्वांत खोल रुतलेलं प्रकरण शेवटचं: कंपनीचं विसर्जन. लिक्विडेटरचं अंतिम हिशेबपत्रक लिहिताना डाव्या बाजूला मालमत्ता विकून आलेली रक्कम येते आणि उजव्या बाजूला देण्यांची रांग लागते. रक्कम ठरलेली आहे, रांग लांब आहे, आणि पैसे मध्येच संपणार हे पहिल्या ओळीपासून माहीत असतं. मग सगळा प्रश्न रांगेच्या क्रमाचा होतो. महाराष्ट्रातल्या मुलाला हे गणित सोडवताना गिरणगाव आठवतंच. १८ जानेवारी १९८२ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि पुढच्या काळात कितीतरी गिरण्यांचे भोंगे कायमचे थांबले. बंद पडलेल्या कंपनीत जमीन आणि यंत्रं तारण असलेला धनको आपलं तारण विकून आधी मोकळा व्हायचा, आणि तीस वर्षं साच्यावर उभ्या राहिलेल्या माणसाचा पगार, ग्रॅच्युइटी उरल्यासुरल्यातून यायची. १९८२च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंपनी गुंडाळायची की नाही हे ठरत असताना कामगारांचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे. १९८५ साली कंपनी कायद्यात ५२९-अ हे कलम आलं आणि कामगारांची देणी तारणवाल्या धनकोच्या बरोबरीला बसली. आज २०१६च्या दिवाळखोरी संहितेच्या ५३व्या कलमात प्रक्रियेचा खर्च वजा जाताच कामगारांची चोवीस महिन्यांची देणी आणि तारण सोडून दिलेल्या धनकोंची देणी शेजारी शेजारी उभी असतात. समभागधारक अगदी शेवटी.

परीक्षेत त्या क्रमाला गुण असतात. पण तो क्रम आपोआप तयार झालेला नाही. माणसं कोर्टात उभी राहिली, संसदेत दुरुस्ती झाली, तेव्हा एक ओळ वर सरकली. पत्रकात ‘कामगारांची देणी’ लिहून पुढे रक्कम मांडताना मला त्या ओळीचं वजन हाताला जाणवायचं. तिथे एक आकडा चुकीच्या जागी गेला तर कुणाच्या तरी घरातला गॅस सिलिंडर, कुणाचं तरी औषध रांगेत मागे ढकललं जातं.

आता बेरजा सॉफ्टवेअर करतं. कंपनी कायद्याच्या परिशिष्ट तीनमधला ताळेबंदाचा नमुना एका बटणावर भरून येतो आणि दोन्ही बाजू न चुकता जुळतात. मुलं विचारतात, मग आम्ही हाताने कशाला सोडवायचं? याचं उत्तर मला सरांच्या त्या एका प्रश्नात सापडतं. हे पैसे कुणाचे, हे विचारायची सवय हाताने लिहितानाच लागते. एक रक्कम एका खात्यातून उचलून दुसऱ्यात ठेवताना मध्ये जी क्षणभराची अडखळ येते, तिच्यातच माणूस दिसतो: सातशे रुपये भरून थांबलेला, उधारीवर लोखंड दिलेला, साच्यावर उभा राहिलेला. कायदा सांगतो की हिशेबाची पुस्तकं निदान आठ वर्षं जपून ठेवा. म्हणजे आज जो कुठेच नाही, काही वर्षांनी येऊन प्रश्न विचारेल, त्याचाही हक्क त्या पानांवर आहे.

हा विषय नोकरीसाठी शिकणाऱ्या मुलामुलींनी जरूर नोकरीसाठी शिकावा. पोट भरणं ही लहान गोष्ट नाही. पण ज्या दिवशी संचालकांच्या टेबलाशी बसून कुणीतरी तुम्हाला म्हणेल की ही रक्कम जरा नफ्यात दाखवू या, कुणाला कळतंय, त्या दिवशी उपयोगी पडेल ते याच वर्षी शिकलेलं. त्या खोलीत भागधारक नसतील, पुरवठादार नसेल, कामगार तर नसेलच. त्यांच्या वतीने ‘नाही’ म्हणायला कुणीतरी हवं असतं. ते काम हिशेबनीसाचं आहे, आणि कुठल्याही पदवीने माणसाला द्यावं इतकं ते मोठं काम आहे.