पंचमीचा समुद्र

रविवारी समुद्रावर जायचं ठरलं की डोंबिवलीतल्या घरात पहिला वाद होतो तो अंतराचा. कुणी जुहू म्हणतं, कुणी अलिबाग, कुणाला गोराईची आठवण येते. मी मात्र आधी कॅलेंडरवरची तिथी बघते. ज्या किनाऱ्यावर तासन्‌तास प्रवास करून पोचायचं, तिथे आपण पोचू तेव्हा पाणी कुठे असेल हे तिथी सांगते.

हिशेब कोळीवाड्यातला, जुना आणि सोपा. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं. येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा. चतुर्थीला तीन. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. तिथून साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. वेळ थोडी इकडेतिकडे होते, पण डबा किती वाजता भरायचा हे ठरवायला एवढं पुरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण; पाणी उंच चढतं आणि उतरतंही खूप लांब. अष्टमीला भांगाचं पाणी, धड चढत नाही, धड उतरत नाही.

समुद्र लांब आहे असं आम्ही म्हणतो खरं, पण तो रोज दोनदा आमच्या मागच्या अंगणात येऊन जातो. मोठागावच्या किंवा रेतीबंदरच्या काठावर जरा वेळ थांबलं की उल्हास खाडीचं पाणी उलटं, कल्याणच्या दिशेने चढताना दिसतं. तीच ही भरती, किनाऱ्यापेक्षा थोडी उशिरा पोचलेली. या पाण्याच्या बळावर कल्याण शतकानुशतकं बंदर होतं, आणि 1657 मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर शिवरायांच्या आरमाराची पहिली जहाजं याच खाडीकाठी बांधली गेली. आता तिथे राडारोडा आणि प्लास्टिक येऊन पडतं. ते बघितलं की जीव तुटतो.

तर किनारा कुठला? जुहूला पोचणं सोपं, पण रविवारी संध्याकाळी तिथे पाण्यापेक्षा माणसंच जास्त दिसतात. आक्सा देखणा, पण तिथे बुडालेल्यांच्या बातम्या इतक्या वर्षांच्या आहेत की मुलांना घेऊन जायला मन धजत नाही. उरणची लोकल जानेवारी 2024 पासून धावू लागली, म्हणून पिरवाडी आता आवाक्यात आलं, संध्याकाळपुरतं छान. अलिबागला ओहोटीला कुलाब्याच्या किल्ल्यात चालत जाता येतं ही मोठीच गंमत, पण ते सगळं लाँचच्या वेळेत बसवायचं म्हणजे दिवस धावपळीत जातो. अलिबागला मुक्कामाला जावं.

माझं मत केळव्याला. कोपरला वरच्या फलाटावरून वसईकडे जाणारी गाडी धरायची. गाड्या मोजक्या, म्हणून वेळ आदल्या रात्रीच बघून ठेवायची. कोपर सुटल्यावर लगेच खाडीचा पूल लागतो, मग भिवंडी, खारबाव, कामण, जूचंद्र. ही वाट मला दादरमार्गे जाण्यापेक्षा फार प्रिय आहे. दुतर्फा शेतं, मिठागरं, टेकड्या. मुंबईला वळसा घालून समुद्राला भेटायला निघाल्यासारखं वाटतं. वसई रोडला डहाणूची लोकल. ती 2013 पासून सुरू झाली आणि पालघरचा किनारा आमच्यासारख्यांना एका दिवसात जाऊन येण्याजोगा झाला. केळवे रोडला उतरलं की शेअर रिक्षा.

रिक्षा गावात शिरते तेव्हा समुद्र दिसत नाही, दिसतात वाड्या. नारळ, सुपारी, केळी आणि त्यांच्या सावलीत पानवेली. केळवे-माहीमची विड्याची पानं नावाजलेली. पाटाचं पाणी वाडीतून खळखळत असतं, आणि समुद्राच्या इतक्या जवळ गोड्या पाण्याची ही श्रीमंती बघून दरवेळी नवल वाटतं. पुढे शितलादेवीचं देऊळ, तलाव, मग सुरूचं बन. बनात चटई टाकली की दुपारच्या उन्हाचं काही वाटत नाही. इतर बऱ्याच किनाऱ्यांवर नेमकी हीच सोय नसते. जेवणाला खानावळी आहेत. पापलेटचं मोठं बंदर सातपाटी इथून जवळ, त्यामुळे ताज्या माशाची चिंता नाही.

केळव्याची पुळण सपाट. ओहोटीला पाणी दूर जातं आणि ओल्या वाळूवर मुलांना बारकी खेकडी, शंख-शिंपले सापडत राहतात. म्हणूनच इथे तिथीला फार महत्त्व. पौर्णिमेला गेलात तर भर दुपारी पाणी सुरूपर्यंत, खेळायला वाळूच उरत नाही. अष्टमीला दुपारी ओहोटी, पण भांगाची. चतुर्थी सगळ्यात उत्तम: नऊच्या सुमारास ओहोटी, आपण साडेदहाला पोचायचं, आणि तीनपर्यंत पाणी आपल्याकडे येत राहतं. आधी किल्ले बांधायचे, मग पाण्यात डुंबायचं, भरती पूर्ण झाली की बाहेर. ओहोटी लागली की पाणी माणसाला आत ओढतं. तेव्हा मुलं कितीही रडोत, त्यांना पाण्यात राहू देऊ नये. आणि किनाऱ्यावरचा कोळी नको म्हणाला तर वाद घालू नये.

पावसाळ्यात जाऊच नये. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते होड्या ओढून काठावर बसतात, तेव्हा आपण कशाला पाण्यात उतरायचं? नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला तरी श्रावणाचा वारा पुरता ओसरलेला नसतो. भाद्रपदातली शुद्ध चतुर्थी तिथीने चांगली, पण घरोघर गणपती. वद्य चतुर्थी पितृपक्षात, वर संकष्टीचा उपवास, म्हणजे पापलेट समोर असून हात लावायचा नाही. म्हणून आमच्या घरी आश्विन-कार्तिकातली पंचमी पक्की. भरती पावणेचारला, परतीची गाडीही जमते, आणि मासे मनसोक्त खाता येतात.