गोन्सालोचा वंश

पुतण्याच्या बाळाचा बाप्तिस्मा जवळ आला तशी घरात नावं फिरू लागली. आरोन, रायन, एथन. मी म्हटलं, गोन्सालो ठेवा. पोरं फिदीफिदी हसली. "काका, शाळेत त्याला जगू देतील का?"

आडनाव मात्र सगळ्यांचं गोन्साल्विस, म्हणजे गोन्सालोचा मुलगा! रॉड्रिगोचा रॉड्रिग्ज, लोपोचा लोपीस, तसंच हे. अर्थात आमचा मूळपुरुष कुणा गोन्सालोचा नव्हेच. १५३४ ते १७३९ आमची वसई पोर्तुगीज फिरंग्यांकडे होती. त्या काळात बाप्तिस्मा घेताना कुण्या धर्मपित्याचं नाहीतर पाद्र्याचं आडनाव चिकटलं असणार.

माझा आजा खराखुरा गोन्सालो. केळी घेऊन दादरला जायचा. तिथल्या एका अडत्यानं वहीत त्याला जन्मभर 'गणशा' लिहिलं. आजा हसायचा; मला अजून राग येतो.

नावाचं जुनं लॅटिन रूप गुंडिसाल्व्हुस. त्यातला 'गुंड' जर्मानिक, अर्थ युद्ध. आणि आज्याला तर बागेत शिरलेलं वासरूसुद्धा हाकलवत नसे. पोर्तुगालमध्येही या नावानं फार लढाया मारल्यात असं नाही. अमारांतेचा संत गोन्सालो प्रौढ बायकांची लग्नं जुळवतो, अशी त्याची ख्याती. जूनमधल्या त्याच्या जत्रेत जी मिठाई वाटतात, तिचा आकार इथे लिहिण्याजोगा नाही.

आमचा संत वेगळा, वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया. दर सणाला प्रवचन एका उडीत वसईहून नागासाकीच्या टेकडीवर पोचतं: ५ फेब्रुवारी १५९७, सव्वीस जण क्रूसावर, मग १८६२ मध्ये संतपद. मधली वर्षं कुणी सांगत नाही. कोवळ्या वयात तो जेझुइटांबरोबर जपानला गेला, पण त्यांनी काही त्याला संघात घेतलं नाही. मग गड्यानं चक्क व्यापार केला. पुढे मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि जपानी येत होतं म्हणून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारात दुभाषा म्हणून उभा राहिला. मला या सगळ्यात तो व्यापारीच जवळचा वाटतो. क्रूसाला हात जोडावेत. गप्पा मारायच्या तर व्यापाऱ्याशी. परमुलखात भाव करणाऱ्याला माणसं कळतात, असं आपलं माझं मत.

आज्याला गुजराती यायचं, पण भावापुरतंच. सौदा झाला की तो सरळ आमच्या कुपारी बोलीत सुरू व्हायचा, पाऊस, बैल, सुनेचं बाळंतपण, काय वाटेल ते. आणि अडत्या वहीत डोकं घालून 'हा, हा' करत राहायचा.