अब्बांचा हिशोब आणि नवी डिस्क

अब्बांचा इंतकाल झाला तेव्हा अम्मीने त्यांचा लॅपटॉप पुसून कपाटात ठेवून दिला. दीड महिन्याने आम्ही तिघा भावंडांनी तो बाहेर काढला. कारण उधार-उसनवारीचा सगळा हिशोब अब्बा त्यातच लिहीत असत. मय्यताच्या मालातून आधी कफन-दफनचा खर्च, मग कर्ज, मग वसियत आणि शेवटी वारसांचे हिस्से, हा क्रम आपल्या घरांत सर्वांना ठाऊक असतो. पण कर्ज कुणाचं आणि किती, हेच कळलं नाही तर पुढे जायचं कसं? सूरह बकराच्या 282व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. कुरआनमधली ही सर्वांत लांब आयत. अब्बांनी तो हुकूम पाळला होता, फक्त वहीऐवजी लॅपटॉपवर.

लॅपटॉप 2014 सालचा. बटण दाबल्यावर दहा मिनिटांनी पडदा उजळला आणि आतून टक-टक असा आवाज येऊ लागला. जुन्या हार्ड डिस्कमध्ये चकत्या गरगर फिरतात, बहुतेक लॅपटॉपमध्ये मिनिटाला 5400 वेळा, आणि त्यांच्यावरून एक बारीक हात सरकत अक्षरं वाचतो. असा आवाज येऊ लागला की ती डिस्क फार दिवसांची सोबती नाही असं समजावं.

आम्ही दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "एसएसडी टाका, मशीन पळेल. पाचशे रुपयांत विंडोजही टाकून देतो. जुनी डिस्क इथंच ठेवून जा." पाचशेत मिळणारं विंडोज कसलं असतं, हे त्यालाही माहीत होतं आणि आम्हालाही. अब्बांच्या डोक्यावर कुणाचा हक राहू नये म्हणून निघालेले आम्ही, त्याच कामात दुसऱ्याचा हक कसा मारणार? आम्ही 500 जीबीची एसएसडी तेवढी घेतली आणि जुनी डिस्क घेऊन घरी आलो.

विंडोज 10 ची सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली होती आणि विंडोज 11 ला लागणारी टीपीएम 2.0 ची सोय या जुन्या मशीनमध्ये नव्हती. म्हणून आम्ही लिनक्स मिंट निवडलं. ते मोफत आहे आणि कायद्यानेही आपलं आहे.

पहिलं काम मात्र इन्स्टॉल करण्याचं नव्हतं. ते होतं अमानत सांभाळण्याचं. जुनी डिस्क बाहेर काढून यूएसबी केबलने भाईजानच्या लॅपटॉपला जोडली. आधी हिशोबाचा फोल्डर, मग घराचे कागद, मग फोटो, असं सगळं एका पेनड्राइव्हवर उतरवलं. फोटो उघडून पाहिले. हिशोबाच्या फाईलचा आकार जुळला, तेवढ्यावर समाधान मानलं. चूक इथंच झाली.

दुसऱ्या पेनड्राइव्हवर मिंटची फाईल चढवली. ती सुमारे तीन जीबीची असते, म्हणून 8 जीबीचा पेनड्राइव्ह घ्यावा आणि आधी तो रिकामा आहे ना, ते पाहावं. चढवताना त्यावरचं सगळं पुसलं जातं. लॅपटॉपची बॅटरी काढली, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून लोखंडी खिडकीला हात लावला आणि जुन्या डिस्कच्या जागी नवी सरकवून चार स्क्रू आवळले. सुरू करताना एफ12 दाबलं, पेनड्राइव्ह निवडला. मिंट आधी नुसतं चालवून पाहता येतं. वायफाय लागतंय, आवाज येतोय, एवढं पाहून धाकटीने इन्स्टॉलचं बटण दाबलं. डिस्क पूर्ण पुसायची का, असा प्रश्न आला तेव्हा अम्मी घाबरून म्हणाली, "बघ हं बेटा!" पण मशीनमध्ये फक्त कोरी डिस्क होती. घाबरण्यासारखं काही नव्हतं. असर ते मगरिबच्या दरम्यान काम झालं. मराठी आणि उर्दू दोन्ही कीबोर्ड बसले. लॅपटॉप आता मिनिटभराच्या आत सुरू होत होता.

मग हिशोबाची फाईल उघडली आणि आमचे चेहरेच उतरले. आकडे नीट होते, नावांच्या जागी मात्र इंग्रजी अक्षरांचा गोंधळ. कुणाचे आठ हजार, काहीच कळेना. रात्री उशिरा उलगडा झाला. अब्बा जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करायचे. त्यात कॉम्प्युटर साठवतो इंग्रजी अक्षरं, फॉन्ट त्यांना फक्त मराठी रूप देतो. तो फॉन्ट नसला की नावंही नाहीत. आणि तो होता जुन्या डिस्कवर, विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये. आम्ही नेमका तोच उतरवला नव्हता.

फजरनंतर जुनी डिस्क पुन्हा जोडली. एकदा उघडली नाही, दुसऱ्यांदाही नाही. अम्मी शेजारी बसून तस्बीह फिरवत होती. तिसऱ्यांदा फोल्डर दिसला आणि आम्ही फॉन्ट उचलून घेतला. अल्हम्दुलिल्लाह, फाईलमध्ये नावं उमटली. डिस्क दुकानात ठेवून आलो असतो तर?

अब्बांना तिघांचं देणं होतं. त्यात कुंपणाची भिंत बांधणाऱ्या गवंडीचाचांच्या मजुरीचे 8,200 रुपये होते. आम्ही त्यांच्या घरी पैसे नेले, तेव्हा ते बराच वेळ नोटांकडे पाहत राहिले. म्हणाले, "मी कुणाला बोललो नव्हतो. तुमच्या अब्बांनी लिहून ठेवलं होतं?" ज्यांच्याकडून अब्बांना येणं होतं, त्यांतल्या चौघांच्या नावापुढे एकच शब्द होता, 'माफ'. ती नावं आम्ही कुणाला सांगितली नाहीत.

आता त्या लॅपटॉपवर आमचा हिशोब असतो, युनिकोड मराठीत, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येईल असा. एसएसडी बिघडायची झाली तर बहुतेकदा आवाजही करत नाही, म्हणून महिन्याच्या पहिल्या जुम्याला पेनड्राइव्हवर प्रत काढतो आणि ती उघडून वाचून पाहतो. जुनी डिस्क अम्मीच्या कपाटात आहे.

तुमच्या घरातही वडीलधाऱ्यांचा असा एखादा कॉम्प्युटर असेल. नवी डिस्क जरूर घाला. पण आधी त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, यात कुणाची अमानत आहे का? ते सांगू शकतात तोवरच विचारा.